ताडाचा खुंट आणि ऑस्टिनचे दिवे

श्रीलंकेत यापाणमच्या, म्हणजे जाफन्याच्या, भाड्याच्या गाड्यांच्या थांब्यावर चार जुन्या ऑस्टिन उभ्या असायच्या, आणि त्यांतली आंधळी गाडी कोणती विचारलं की कुणीही वैत्तिलिंगमच्या गाडीकडे बोट दाखवायचं. "अण्णा, तुम्ही दिवे लावलेत की काळोख आणखी दाटतो हो," असं संध्याकाळी एखादा तरी म्हणायचाच, आणि वैत्तिलिंगम त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तो स्वतः चौऱ्याहत्तरचा. गाडी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. म्हातारपणाचा टोमणा कुणी मारला की तो त्याला दोघांच्या वतीने झोंबायचा.

दिव्यांसाठी त्याने काय कमी केलं होतं? बल्ब मागच्या बाजूने काढून बदलले, बॅटरी बदलली, डायनमो दोनदा नवा भरून घेतला. वायरी पार टोकापासून टोकापर्यंत नव्या ओढल्या. दंतमंजन लावून काचा घासल्या. उजेड होता तेवढाच, रॉकेलच्या चिमणीएवढा पिवळा. आत बल्बमागे आरशाची वाटी असते, तिची चांदी गेली असं सगळेच मिस्त्री सांगत. रेघारेघांच्या काचेतून ती करडी, मळकट दिसायचीही. उघडून बघायला मात्र कुणी धजत नव्हतं, कारण गंजलेली रिंग काढताना काच तडकली तर दुसरी आणायची कुठून? एवढ्या वर्षांत वैत्तिलिंगमनेही मनाची समजूत घातली होती. चांदी गेली, तर गेली.

बाहेर तो फारसा जातही नव्हता अंधार पडल्यावर. अपवाद शुक्रवारचा. शुक्रवारी बायको कमलांबिकै हिला पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात न्यायचं, आरती झाली की दिवेलागणीला घरी आणायचं. ती मागे कधी बसली नाही. पुढे, त्याच्या शेजारी, मांडीवर प्रसादाचा डबा धरून. गाडी मोठा रस्ता सोडून त्यांच्या गल्लीला लागली की दोन्हीकडे झावळ्यांची कुंपणं, आणि पार टोकाला, त्यांच्या फाटकाच्या जरा अलीकडे, एक ताडाचा खुंट होता. लढाईच्या दिवसांत शेंडा उडालेला, माणसाच्या उंचीचा. त्या आजारी उजेडात तो खुंट दिसायला लागला की कमलांबिकै पुढे वाकायची.

"कोण उभं आहे हो तिथं?"

"खुंट आहे."

सव्वीस वर्षं हेच. दर शुक्रवारी ती विचारायची आणि दर शुक्रवारी तो सांगायचा. कधी चिडून, कधी नुसतंच. एकदा तो म्हणाला होता, "अगं, दिवसा दहादा त्याच्यावर लुगडी वाळत घालतेस, आणि संध्याकाळी ओळखत नाहीस?" पुढच्या शुक्रवारी तिने परत विचारलंच.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा सेंदन त्याच गल्लीतून रॉकेल आणायला सायकलवर गेला होता. सतरा वर्षांचा. तो आला नाही. महिन्याभरात लढाईपायी सगळं गावच घरं सोडून निघालं, आणि परतले तेव्हा घराला दारं-खिडक्या नव्हत्या. ट्रंक नव्हती, ट्रंकेतले फोटो नव्हते, त्याची वह्या-पुस्तकं नव्हती. ज्या-ज्या कचेरीत जायचं तिथे ती दोघं जाऊन आली. सगळीकडे पहिल्यांदा फोटो मागत. फोटो नाही म्हटलं की लिहिणाऱ्याचं पेन थांबायचं. कमलांबिकै सांगायची, उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे त्याची, आंब्यावरून पडला होता. ते कुणी लिहून घेतलं, कुणी नाही.

वैत्तिलिंगमने आशा सोडली होती. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण सोडली होती. घरात दोघांपैकी एकाने तरी जमिनीवर पाय ठेवायला हवेत, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो खुंटाला खुंट म्हणायचा.

या शुक्रवारी मात्र भलतंच झालं. मोठ्या रस्त्यावर, वळणावर, एक बाई सायकलवरून चालली होती. मागे टोपली. सायकलला दिवा नाही, आणि वैत्तिलिंगमच्या दिव्यांना ती दिसली तेव्हा ती अगदी बॉनेटपुढे होती. त्याने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. वीतभर अंतर उरलं. बाईने टोपली सावरली, त्याच्या म्हातारपणावर आणि डोळ्यांवर तोंडभर आशीर्वाद दिले आणि निघून गेली. कमलांबिकैच्या डब्यातला प्रसाद सगळा पायांशी सांडला होता. त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी तो गाडी घेऊन कुणरत्नम मिस्त्रीकडे गेला. कुणरत्नम हात बरा असलेला माणूस, पण जिभेला हाड नाही.

"उघड ती वाटी," वैत्तिलिंगम म्हणाला. "काच फुटली तर फुटली. नाहीतर गाडी तुझ्या अंगणात उभी करून जातो. कोंबड्या पाळ तिच्यात."

"कोंबड्यांनासुद्धा उजेड लागतो, अण्णा. तुम्ही जा, चहा घेऊन या. तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात की माझा हात थरथरतो."

वैत्तिलिंगम समोरच्या टपरीत जाऊन बसला. ताडगुळाचा खडा गालात धरून त्याने कोरा चहा घेतला, दुसराही घेतला. परत आला तर डाव्या बाजूची वाटी कुणरत्नमच्या हातात होती आणि तीत सकाळचं ऊन असं काही भरलं होतं की बघवेना.

"चांदी गेली म्हणणाऱ्या मिस्त्र्यांना आणा माझ्यासमोर!" कुणरत्नम खुशीत होता. "चांदी आहे तशी आहे, अण्णा. नव्यासारखी. वरून कुणीतरी काजळी फासली होती. चांगली खोबरेलात, डिंकात कालवून. घट्ट बसलेली. अर्धा तास पेट्रोलने पुसतोय."

"काजळी?"

"हो ना. आणि ब्रशने नाही, बोटांनी. ही उजवीकडची बघा, हिला अजून हात लावला नाही."

त्याने दुसरी वाटी पुढे केली. आतून काळी-तपकिरी, आणि त्या काळ्यावर बोटांनी ओढलेले पट्टे. तीन जवळजवळ, एकमेकांना चिकटून गेलेले. चौथा जरा लांबून, तिरका, आपल्याच वाटेने गेलेला. वैत्तिलिंगम खाली बसला. खाली म्हणजे तेलकट जमिनीवरच.

त्याला आठवलं. वरून विमानं फिरायची ते दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, पेट्रोलचा थेंब हुंगवून गाडी सुरू करायची आणि रॉकेलवर पळवायची. दिवे लावायचे तर काळे करून. त्याने काचांना बाहेरून काजळी फासली होती आणि ती पहिल्याच सरीत वाहून गेली होती. दोन दिवसांनी सेंदन कोपरापर्यंत काळा होऊन त्याच्यासमोर उभा राहिला होता. "झालं, अप्पा. आता असं केलंय की पाऊस काही करू शकणार नाही. वरून तुम्ही कुणाला दिसणार नाही. तेवढे घरी येत जा म्हणजे झालं." वैत्तिलिंगमने तेव्हा विचारलंही नव्हतं, काय केलंस म्हणून. तोंड धू आधी, एवढंच म्हणाला होता. आठवड्याभराने पोरगं गेलं.

आणि हा शहाणा सव्वीस वर्षं बल्ब बदलत बसला होता.

"अण्णा?" कुणरत्नमच्या हातात पेट्रोलचा बोळा होता. "पुसू ना?"

"हात लावलास तर हात तोडीन," वैत्तिलिंगम म्हणाला, आणि मग त्याला रडू फुटलं. डाव्या वाटीकडे कुणरत्नमने एकदा पाहिलं, हातातल्या बोळ्याकडे पाहिलं आणि बोळा मागे लपवला.

वाटी बनियनमध्ये गुंडाळून वैत्तिलिंगम चालत घरी निघाला. रस्ताभर त्याच्या मनात एकच होतं, हिला दाखवावी की नाही. दाखवली तर ती पुसू देणार नाही. एका डोळ्याची गाडी चालवायची नाही, म्हणजे गाडी गेली. गेली तर गेली. एका पोराची एवढीच खूण जगात उरली आहे, तिच्यापुढे गाडी काय चीज? पुसायची नाही, हे त्याचं फाटकापर्यंत ठरूनही गेलं होतं.

कमलांबिकै ओसरीवर वाफवायच्या पिट्टूसाठी नारळ खवत होती. त्याने तिच्यापुढे बनियन उलगडली. तिने हात पदराला पुसले, वाटी मांडीवर घेतली आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. मग आपली तीन बोटं त्या तीन पट्ट्यांवर, न टेकवता, धरली. करंगळी लांब केली. पुरली नाही.

"केवढी मोठी झाली होती बोटं," ती म्हणाली. "मला वाटायचं, लहानच आहेत."

वैत्तिलिंगम तिच्याशेजारी बसला. "राहू दे ही अशीच. देवापाशी ठेवू. मी गाडी विकून टाकतो."

"आणि तो कशासाठी करून गेला हे? गाडी विकण्यासाठी?" "तुम्ही सुखरूप घरी यावं म्हणून केलं त्याने. तेव्हा त्यासाठी काळोख लागत होता, आता उजेड लागतो. काल ती बाई चाकाखाली आली असती तर? तिचीही वाट बघणारं कुणी असेल की घरी."

"अगं, पण दुसरं काही नाही आपल्याकडे."

"ठाऊक आहे मला. मी विसरले असेन असं वाटतं का तुम्हाला?"

ती उठली, रॉकेल आणि जुनं मऊ फडकं घेऊन आली. त्याला हात लावू दिला नाही. न्हाऊ घालताना पोराची पाठ चोळावी तशी ती हळूहळू पुसत गेली, आणि पुसता पुसता मोठ्याने रडत होती, लपवत नव्हती. करंगळीचा पट्टा तिने शेवटपर्यंत ठेवला. मग तोही पुसला. वाटीच्या कडेला, वाटी धरताना टेकलेल्या अंगठ्याचा एक ठसा होता. रेघ न् रेघ स्पष्ट.

"कडेवर रिंग बसते ना?"

"बसते."

"मग हा उजेडाच्या आड येत नाही."

तो अंगठा तिने तसाच ठेवला. कुणरत्नमने दुपारी त्याच्यावरून रिंग बसवली, बोट न लावता, श्वास धरून.

पुढच्या शुक्रवारी देवळातून निघताना वैत्तिलिंगमने दिवे लावले, तर समोरचा रस्ता पार वळणापर्यंत पांढरा झाला. थांब्यावरचे तिघे मुद्दाम बघायला आले होते. एकाने डोळ्यांवर हात धरून "मेलो, मेलो" केलं. वैत्तिलिंगमने त्याला शिवीसुद्धा दिली नाही.

गाडी गल्लीला लागली. झावळीची एकेक शीर दिसत होती, कुंपणातलं मांजर दिसत होतं. आणि टोकाचा खुंट दिसत होता, फाटलेल्या सालीसकट, त्यावर वाळत राहिलेल्या टॉवेलसकट. खुंटाच्या पलीकडे फाटक, आणि फाटकापर्यंतचा सगळा रस्ता रिकामा.

वैत्तिलिंगम वाट बघत होता. कमलांबिकै पुढे वाकली नाही. डबा घट्ट धरून ती समोर बघत होती आणि काही विचारत नव्हती. आणखी दहा हात गेले. ती विचारत नव्हती. सव्वीस वर्षं ज्या प्रश्नाला तो वैतागला, तो आता कधीच ऐकू येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

त्याने मोठे दिवे घालवले. बाजूचे दोन बारके तेवढे राहिले, चिमणीएवढे पिवळे. गल्ली पुन्हा जुन्यासारखी झाली. टोकाला माणसाच्या उंचीचं काहीतरी उभं होतं.

"कोण उभं आहे गं तिथं?" वैत्तिलिंगमने विचारलं.

कमलांबिकैने त्याच्याकडे पाहिलं. मग पदराने समोरची काच पुसली आणि पुढे वाकली.

"हळू घ्या," ती म्हणाली. "नीट बघू द्या मला."