भरल्या तळ्याची ओटी

माझ्या धाकट्या जावेचं, वर्षाराणीचं, स्वतःचं धरण आहे. धरण कसलं, चाकूरजवळच्या आमच्या ओढ्यावर घातलेला मातीचा बांध आणि त्यामागचं तळं. पण ती धरणच म्हणते, वर मान उडवून. वाटणीत वरचं रान त्यांना गेलं, खालचं आम्हाला. पाणी तिचं, आणि बांध फुटला तर आधी वाहून जाणार माझं घर.

यंदा तळं पहिल्यांदा भरलं. शनिवारी पाण्याची ओटी भरायची ठरली, पाहुणे औशाहून येणार. ही ओटी घरातल्या मोठ्या सुनेनं भरायची, अशी आमची रीत. मोठी मी. मला साधं विचारलंही नाही! एक साडी तिनं पाण्याला घेतली, एक स्वतःला. माझा नुसता जळफळाट झाला.

शुक्रवारी बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसला, तोही गढूळ. नितळ पाझर चालतो. गढूळ आला म्हणजे बांध आतून पोखरायला लागला, हे बांध घालतानाच जेसीबीवाल्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. वर जाऊन बघते तर सांडव्याच्या तोंडाला वाळूची पोती. जादा पाणी जायची तेवढी एकच वाट, तीही बुजवलेली. का, तर पाहुण्यांना तळं काठोकाठ दिसावं!

"सुदर्शन भाऊजी, पोती काढा. खाली गढूळ पाणी येऊ लागलंय," मी दिराला म्हणाले.

त्यानं बायकोकडं बघितलं. ती हसली. "उद्या ओटी झाली की काढू, आक्का. एक दिस तरी डोळ्यात खुपू देऊ नका की."

घरी नवराही तेच बोलला. "तुला तिचं कायबी बघवत न्हाई."

नव्हतंच बघवत. पण गढूळ ते गढूळच होतं ना?

शनिवारी पहाटेपासून पाऊस. पाझराची धार मनगटाएवढी झाली. पाहुणे बांधावर जमले, हळदीकुंकवाचं ताट आलं, तशी मी पदर खोचून सांडव्यात उतरले आणि पोती ओढायला लागले. दीर धावत आला, तोवर उरलेली पोती पाण्यानंच ढकलली. लोंढा माझ्याच तुरीवरून गेला. तुरीचं रान झोपलं. तळं हातभर उतरलं आणि वर्षाराणीला नव्या साडीत गुडघाभर चिखल तुडवत ओटी भरावी लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"चांगल्या कामात माती कालवली!" सगळ्यांसमोर ती ओरडली. पाहुण्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जेवायला थांबायची सोय उरली नाही.

सोमवारी ती तांब्या घेऊन दारात आली. शेजारच्या धुरपताबाईलाही तिनं हाक मारून बोलावलं.

"पाझराचं पाणी हाय, आक्का. बघा कसं काचेवानी. कुठं हाय तुमचं गढूळ?"

तळं उतरल्यावर पाझर नितळ होणारच. मी तसं सांगितलंही. धुरपताबाई पदराआड हसली.

बांध फुटला असता तर माझं घर गेलं असतं, पण मी खरी ठरले असते. त्या नितळ पाण्याकडं बघताना क्षणभर मला तेच हवं होतं.