मी भंडाऱ्याले काहून नाही म्हणत होती

मेघा माही सून. तिले सातवा महिना लागला अन् घरात दवाखान्याचा वाद सुरू झाला. माहेरी लाखांदूरले तिची माय नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच, सिहोऱ्यात. मी तुमसरचा दवाखाना आधीच पक्का करून ठेवला होता. डॉक्टरीणबाई ओळखीच्या, जागा साफ, घरून डबा गरम पोचते. यात वाईट काय होतं, सांगा बरं!

पण गावची आशाताई उर्वशी, तिनं मेघाचं रक्त तपासाले दिलं अन् त्यात सिकलसेल निघाला. पुरा नाही, अर्धा. म्हणजे मेघाले त्रास काही नाही, पण नवराही अर्धाच असला त लेकरू पुरा आजार घेऊन जन्मू शकते. मग हातपाय ठणकणं, अंगात रक्त कमी, जन्मभर औषध.

"भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नाव टाका काकू," उर्वशी म्हणे. "तिथं नवऱ्याचंही तपासतात अन् बाळ झाल्यावर बाळाचंही. लवकर कळलं त औषध लवकर सुरू होते."

मेघा लगेच तयार झाली. मी अडून बसली. भंडारा दूर पडते म्हटलं, गर्दी राहते म्हटलं, ऐन वेळेवर गाडी भेटणार नाही म्हटलं. तोंड काही कमी नाही माह्यं.

खरं कारण वेगळंच होतं. माहा पोरगा धर्मेंद्र नववीत असताना शाळेत रक्त तपासणारे आले होते. त्याचंही अर्धं निघालं. घरी आलेलं कार्ड मी चुलीत घातलं अन् पोराले सांगितलं, "तुले काही नाही, राजा." आमच्याकडं सोयरिकीत अशा गोष्टीची भनक जरी लागली त पोरगी देत नाही कोणी. माह्या नणदेच्या पोराची जुळलेली सोयरिक मोडली, ते मी डोळ्यानं पाह्यलं. मले वाटलं, अर्धाच त आहे, काय होते! येणारी सूनही अर्धी असन, हे डोक्यातच नाही आलं. माह्यासारखी अडाणी मीच.

तीन दिवस मी तोंड फुगवून बसली. मेघा काही भांडली नाही. धान पाखडता पाखडता म्हणे, "आई, तुमी एवढ्या काहून नाही म्हणून राहिल्या? मले फक्त लेकराचं समजून घ्याचं आहे. तुमी सोबत चाला ना. माय असती त तीच आली असती."

गेली मी.

धर्मेंद्र वरठीच्या कारखान्यातून सुट्टी काढून थेट भंडाऱ्याले आला. नाव टाकून झाल्यावर सिस्टरनं त्याले विचारलं, "तुमचं सिकलसेल तपासलं आहे?"

"हो, शाळेतच. मले काही नाही. कार्ड हरवलं असन, पण आईले सगळं मालूम आहे."

सिस्टर म्हणाली, "कार्ड नाही तर आज रक्त द्या. आठ दिवसांनी रिपोर्ट मिळेल."

आठ दिवस! मी गप्प राहू शकत होती. रिपोर्ट आल्यावर सगळ्याईसारखा मीही तोंडावर हात ठेवला असता. कोणाले कळलं असतं?

तेवढ्यात मेघानं माह्या गुडघ्यावर हात ठेवला. चेहरा असा मोकळा झालेला तिचा. "ह्यायले काही नाही, म्हणजे बाळालेही धोका नाही. उगाच भेली मी. नाही का आई?"

त्या हाताकडं पाहून खोटं बोलणं मले जमलं नाही.

"धर्मेंद्रही अर्धाच आहे," मी म्हटलं. "कार्ड मी जाळलं. त्याले काही मालूम नाही."

धर्मेंद्र उठून उभा झाला. मेघानं हात काढून घेतला. "कधीपासून मालूम आहे तुमाले?"

"तो नववीत होता तेव्हापासून."

सिस्टर कोणावर चिडली नाही. बाळंतपण इथंच करू, बाळाचं रक्त लगेच तपासू, चारातलं एखादंच लेकरू पुरं आजारी निघते, असं समजावत राहिली. मेघा एकेक गोष्ट दोनदा विचारत होती. रडली नाही. मीच पदरानं डोळे पुसत होती, अन् लाजही वाटत होती.

येताना एसटीत माह्या बाजूची जागा रिकामी होती. मेघा पुढं धर्मेंद्रजवळ जाऊन बसली. सिहोऱ्याले उतरल्यावर मी तिची पिशवी घ्याले गेली, तिनं दिली नाही.

"आई, बाळंतपणाले तुमीच राहा माह्याजवळ," ती म्हणाली. "पण बाळाचा रिपोर्ट मी आणीन. तुमच्या हातात देणार नाही."

"बरं," मी म्हटलं.