हलक्या हाताचं अक्षर

माईंचे यजमान छापखान्यात बसून निमंत्रणाच्या पाकिटांवर नावं लिहायचे. अक्षर बारीक, किंचित उजवीकडे झुकलेलं, टाक कागदाला टेकतो न टेकतो असं. बरोबरची माणसं चेष्टा करायची, "अहो, तुमच्या अक्षराला जरा खायला-प्यायला घाला." ते हसायचे आणि पुढचं पाकीट ओढायचे. साऱ्या जगाची नावं लिहून झाली, पण बायकोला चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? ते गेल्यावर मात्र माईंना हेच सलत राहिलं.

सून जाहिरातींच्या ऑफिसात अक्षरांचंच काम करायची. सासऱ्यांची नमुन्याची कार्डं ती घेऊन गेली होती. एका दुपारी लॅपटॉप घेऊन ती माईंना चिकटून बसली.

"बाबांच्या अक्षराचा फॉन्ट झालाय, माई. काहीही टाइप करा, त्यांच्या हातचं उमटेल."

पडद्यावर एका अत्तरवाल्याचं नाव होतं.

"बाटलीवर, पत्रिकेवर छान दिसेल," सून म्हणाली. "फक्त लहान करायची सोय नाही. इतकं नाजूक आहे की दिसेनासंच होतं."

"तेही तसेच. चार माणसांत उभे राहिले की सापडायचे नाहीत."

माईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "पण हे त्यांचं नाही गं."

सुनेचा चेहरा उतरला. "एकेक अक्षर त्यांच्या कार्डांवरून उचललंय."

"असेल. पण सगळी एकसारखी काळी कशी? टाक बुडवायचा त्यांना भारी कंटाळा. शाई संपत आली तरी रेटायचे. नाव फिकं फिकं होत जायचं आणि मधेच एकदम काळंभोर. मालक कातावायचे."

"मी तो दोष समजून काढून टाकला."

"तो काढलास, मग माझ्या वाट्याला काय राहिलं?"

पुढचे काही दिवस सून त्यातच गुंतली. प्रत्येक अक्षराची भरलेली, उतरलेली, पार सुकत आलेली अशी रूपं तिनं केली. टाइप करताना ती आपोआप बदलत जात. मग पुन्हा येऊन बसली.

"सांगा, काय लिहू?"

माईंचं ठरलेलं होतं. यजमानांनी त्यांना नावानं कधी हाक मारलीच नव्हती.

"लिही, 'अगं'."

उमटलं. पहिलं अक्षर गडद, दुसरं विरत चाललेलं. माईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. ओली शाई फिसकटेल असं उगाच वाटलं.

"पुढे?"

पुढचं आपण सांगितलं तर ते आपलंच होणार. आणि माईंना तर यजमानांचं हवं होतं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "त्यांना बोलायला वेळ लागतो."

सुनेनं कळफलकावरचे हात काढले आणि मांडी घालून नीट बसली.