माझ्या अंगावरची करंजाची सावली

ओला दुपट्टा.

धानाच्या तणसाचा ढीग, त्यावर झोपलेलं कुत्रं.

पाण्याखाली गेलेलं मारुतीचं देऊळ.

"उतर खाली, पोळशील!"

मार्च महिना.

कुऱ्हाडीच्या धारेवरून फिरणारा अंगठा.

मित्रांनो, एवढ्यात माझं सगळं आयुष्य आलं. पण असं तुकड्यांनी तुम्हाला कळायचं नाही, म्हणून नीट सांगते. मी लोखंडाची घसरपट्टी आहे, आता जुनी झालेली. तुमसरला एका राइस मिलच्या मागे, वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. अंग पिवळं, शिडी लाल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उताणी पडून मी पवनी तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा वाटेवरची पोरं मला पाहून ओरडत मागे धावली होती.

हे गाव जुनं नाही. जुनं गाव, मारुतीच्या देवळासकट, गोसीखुर्दच्या धरणात गेलं. मग या मुरमाड माळावर प्लॉट पडले, रस्ते झाले आणि नकाशावर एक चौकोन आखून त्यात 'बगिचा' असं लिहिलं गेलं. ग्रामसभेत बाया म्हणाल्या होत्या, आधी झाडं लावा. पण त्या वर्षी झाडांसाठी निधी नव्हता, खेळण्यांसाठी होता. म्हणून त्या चौकोनात मी आले. एकटी.

भंडाऱ्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात लोखंडाचं काय होतं, ते मला विचारा.

घनश्याम नावाचे एक म्हातारे शेतकरी आपल्या नातीला, शालूला, घेऊन आले. पोर हौसेनं वर चढली, बसली आणि किंचाळली. मांड्या लालबुंद झाल्या.

"आजा, हे चावते मले!"

"चावत नाही बेटा, तपली हाय. बिचारीले सावली कुठी हाय?"

बिचारी! पोरांना भाजणाऱ्या मला कुणीतरी बिचारी म्हटलं.

दुसऱ्या दुपारी घनश्यामांनी आपला दुपट्टा भिजवून माझ्या अंगावर पसरला. शालू शिडी चढेपर्यंत तो वाळला. तेव्हा ते धरणाच्या काठाकाठानं जुन्या गावाच्या दिशेनं गेले आणि तिथं उगवलेलं करंजाचं रोप मुळाच्या मातीसकट घेऊन आले. माझ्या पश्चिमेला मुरूम फोडून त्यांनी ते लावलं. घरून बादलीनं पाणी आणायचे. लोक थट्टा करायचे, "घनश्यामबुवा, घसरपट्टीले जावई करून आनला का?"

ते हसायचे आणि पाणी घालायचे.

करंज वाढला. एका उन्हाळ्यात त्याची सावली माझ्या पायरीपर्यंत आली, पुढच्या उन्हाळ्यात पाठीवर. मग पोरं भर दुपारी येऊ लागली. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. मी पोरांना भाजत नव्हते, एवढंच ते सुख.

मग बगिच्यासाठी निधी आला.

तो आधीही एकदा आला होता आणि पवनीच्या साहेबांचा 'जागा मोकळी नाही' असा शेरा पडून परत गेला होता. तेव्हाही इथं तणसाचे ढीग होते, शेणखत होतं. यंदा सरपंच भय्याजींनी सगळ्यांना माझ्यापाशीच गोळा केलं.

"मार्च संपाच्या आत जागा मोकळी पायजे. यंदा वापस गेला त पुन्हा कोनी देनार नाही."

"तनीस उचलू नं," बायांमधून सीताबाई म्हणाल्या. "झाडानं काय केलं तुमचं?"

"साहेबाले कोन समजावते, बाई? तू जाशीन का पवनीले?" भय्याजी म्हणाले.

लोक हसले. कुणी म्हणालं, झाडामुळेच अडलं तर? ती शंका वाऱ्यासारखी पसरली. सरकारच्या एका कागदावर ज्यांनी अख्खं गाव मोकळं केलं होतं, त्यांना एक झाड जड वाटेना. सगळे घनश्यामांकडे पाहू लागले.

ते म्हणाले, "मीच तोडतो. दुसऱ्याची कुऱ्हाड नाही लागू देनार त्याले."

सकाळी शालू धावत आली. "आजा, काहून तोडून राहिला?"

"तुयासाठी बगिचा होऊन राहिला, बेटा. मोठा."

"मंग मी दुपारी कुठी बसू?"

त्यांनी कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि घाव घातला. फांद्या माझ्या अंगावर पडल्या. हिरव्या होत्या, थंड होत्या.

बगिचा झाला, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? कुंपण आलं, फाटक आलं, जमिनीवर सिमेंटचे गट्टू बसले, व्यायामाची यंत्रं आली. दुपारी गट्टू तापतात, यंत्रं तापतात, मी तर तापतेच. उन्हाळ्यात फाटकाला कुलूप असतं. पोरं भाजू नयेत म्हणून. माझा पिवळा रंग पापुद्र्यांनी गळतो आहे. एक पायरी निखळली आहे. घनश्याम या रस्त्यानं येत नाहीत. शेतावर जायला ते लांबची वाट धरतात.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या गावात बगिचा मागायची वेळ आली, तर अवश्य मागा. पण हातात कुऱ्हाड घेण्याआधी साहेबांच्या दारापर्यंत जा आणि स्पष्ट विचारा. दूर असलं तरी जा. हसं झालं तरी विचारा.

जागा पाहणारे साहेब करंज तुटण्याच्या आदल्याच आठवड्यात, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना येऊन गेले होते, करंजाखाली उभे राहून ते पाणी प्यायले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ढीग तेवढे उचलायला सांगू. झाड चांगलं आहे."