बांधलेला पंजा

मोहाची फुलं गळायला लागली की आमच्या गावात दिवसा माणूस भेटत नाही, सगळे टोपल्या घेऊन जंगलात. पण त्या दुपारी शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती, कारण पंजेवाले गुरुजी आले होते.

गुरुजींचा थाट बघण्यासारखा. अंगात कराटेचा काळा पोशाख, त्यावर रुद्राक्षांच्या माळा, कपाळभर शेंदूर. समोर दोन विटांवर लाल कापडात गुंडाळलेली चौकोनी फळी. "ये सागवान है, सागवान! आणि हा पंजा हिमालयात तपलेला आहे," असं म्हणत त्यांनी डोळे फिरवले, "हुं" केलं आणि तळहात हाणला. फळी कडकन दुभंगली. मग लांब उभ्या असलेल्या विक्की नावाच्या चेल्याकडे त्यांनी नुसता पंजा दाखवला, तर विक्की उताणा पडला. बायांनी हात जोडले.

गुरुजींचा धंदा पंजा बांधून देण्याचा. ते तळहाताला मंतरलेला शेंदूर फासतात. तो हात समोर धरला की म्हणे वाघ जागीच लुळा पडतो. अट एकच, जंगलात एकट्यानं जायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

आमच्याकडे मोह वेचायला घोळक्यानं जातात. वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, म्हणून वेचता वेचता एकमेकांना हाक घालायची आणि ओ द्यायची, ही आजीच्या आजीपासूनची रीत. गुरुजींनी नेमकी तीच मोडली.

मागच्या मोहाच्या हंगामात माझे बाबा, बापूराव, बांधलेला पंजा घेऊन एकटे गेले. झाडाखाली अर्धी भरलेली टोपली सापडली आणि थोडं पुढे बाबा. तळहातावरचा शेंदूर तसाच होता. गुरुजींनी गावाला सांगितलं की मंत्र पक्का होता, पण बापूरावच्या बायकोनं शेतातून हाक मारली, त्यानं ओ दिली आणि मंत्र तुटला. तेव्हापासून माझ्या आईला, गिरजाबाईला, गाव नवऱ्याला खाणारी म्हणतं. वर्षभर ती मोठ्यानं बोललेली नाही.

मी खुशबू, मूल या तालुक्याच्या गावी एका शाळेत कराटे शिकवते. वर्षभर मी रेतीच्या पोत्यावर ठोसे मारले ते त्या माणसाचं नाक डोळ्यांसमोर ठेवून, खोटं कशाला बोलू?

मैदानावर माझी मूठ आपोआप वळली. बोटं घट्ट, अंगठा बाहेरून, मनगट सरळ, जोर मुठीच्या पहिल्या दोन हाडांवर. कंबर फिरवून एकच सरळ ठोसा द्यायचा होता. तेवढ्यात आमची शेजारीण सोमारी पंजा बांधून आली आणि लाल तळहात आईला दाखवत म्हणाली, "उद्या मी एकटीच जातो, बाई. आता भेव नाई."

माझी मूठ सैल झाली. नाक फोडलं असतं तर गुरुजी रक्त पुसत मला क्षमा करून आणखी मोठे झाले असते, आणि सोमारी एकटीच गेली असती. मला त्यांना लहान करायचं होतं, सगळ्यांदेखत.

मी पुढे गेले. "गुरुजी, विक्कीले पाडलं तसं मले पाडा."

त्यांनी पंजा दाखवला. मी उभीच. त्यांनी आणखी मोठं "हुं" केलं. तरी मी उभीच.

"तुझ्यात श्रद्धा नाही, बेटी. श्रद्धा नाही तिथे शक्ती चालत नाही."

"मंग वाघाले श्रद्धा असते का, गुरुजी?"

मागे कोणीतरी हसलं. सोमारी मात्र आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

विक्की पडताना हनुवटी छातीला लावतो आणि हातानं जमिनीवर थाप मारतो, हे मी लोकांना दाखवलं. मार न लागता पडायचं कसं हे आम्ही मुलांना सगळ्यात आधी शिकवतो. मी तशीच धाडकन पडले, उठून कपडे झटकले आणि आईला बोलावलं.

आई येईना. "मी काऊन? मले नाई जमत," म्हणत राहिली. मी तिला हाताला धरून आणलं आणि गुरुजींच्या गाठोड्यातली एक फळी, कापडासकट, ते ठेवत तशीच विटांवर ठेवली. मनगटापाशी तळहात जाड असतो तिथे मार बसू दे, बोटं मागे ओढ, आणि फळीवर नाही, फळीच्या खालच्या मातीवर मारायचंय असं समज, एवढंच तिला सांगितलं. आईनं एकदा गुरुजींकडे बघितलं आणि हात हाणला. फळीचे दोन तुकडे झाले.

मी लाल कापड सोडून तुकडे लोकांपुढे धरले. म्हातारे पोचूभाऊ जवळ आले, तुकडा हातात तोलला आणि म्हणाले, "सागवान कुठचं? हे त सावर होय."

ढलपीवरून झाड ओळखणारं गाव आमचं. पण देवाचं कापड म्हणून कोणी ते कधी सोडून बघितलं नव्हतं. आत गेरू फासलेलं सावरीचं वाळकं, हलकं लाकूड होतं आणि त्याच्या रेषा दोन्ही विटांच्या कडेशी समांतर ठेवलेल्या. लाकूड रेषेवर फाटतं, रेषेच्या आडवं मोडत नाही, हे रोज जळतण फोडणाऱ्यांना मी काय सांगणार?

मी दुसरी फळी घेतली, कापड काढलं आणि जागच्या जागी अशी फिरवली की रेषा एका विटेवरून दुसऱ्या विटेवर गेल्या. "आता हाणा, गुरुजी. पंजा तोच, लाकूड तेच."

गुरुजींना एकाएकी मुहूर्त आठवला. पण लोक उठून उभे राहिले होते. "बापूराव वाघापुढं उभा राह्यला," पोचूभाऊ म्हणाले, "तुमाले फळीचा भेव?"

शेवटी गुरुजींनी हाणलं. फळी हलली नाही. गुरुजी मनगट पोटाशी धरून खाली बसले आणि विव्हळू लागले. मला कीव आली का? अजिबात नाही. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. संध्याकाळी मी पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, आणि पोलिसांनी गुरुजींना तिथे आणलं तेव्हा त्यांच्या सुजलेल्या हाताकडे पोटभर बघून घेतलं.

तुम्हालाही सांगते. हात हा हातच असतो. नीट मारायला शिकलात तर फळी तुटेल, अंगावर येणारा मवाली मागे हटेल, पण वाघ थांबणार नाही. माझाही ठोसा वाघापुढे कामाचा नाही. त्याला लांब ठेवते ती सोबत आणि आवाज. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी कापड सोडा आणि फळी फिरवून बघा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया मिळून मोहाला निघाल्या. सोमारीनं तळहात राखेनं घासून काढला होता. झाडांत पांगल्यावर आई थांबली, तिनं घसा खाकरला आणि वर्षभर दाबून ठेवलेल्या आवाजात हाक घातली, "सोमारी वो!"

झाडांपलीकडून ओ आली.