वरचा बोल्ट

गाडीखाली उताणं पडून त्याने पुन्हा हात वर घातला, चाचपडत बोल्ट शोधला, पाना अडकवला आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. बोल्ट ढिम्म. शेजारच्या पसरट घमेल्यात गिअरबॉक्समधलं सगळं जुनं ऑइल काळंकुट्ट होऊन निवांत पडलं होतं. ऑइल काढायचं तोंड खालच्या बाजूला, ते मुकाट्याने उघडलं. भरायचं तोंड वर. ते उघडतं का हे आधी बघायला हवं, ही अक्कल त्याला गिअरबॉक्स रिकामा झाल्यावर आली.

विमा कंपनीत तो लोकांचे दावे तपासायचा. ‘अर्जदाराचा निष्काळजीपणा’ हा शेरा त्याने आयुष्यभर सढळ हाताने वाटला होता. आज त्यातला थोडा घरी ठेवून घ्यायची वेळ आली होती.

गॅरेजवाल्याने बजावलं होतं, “साहेब, ऑटोमॅटिक आहे, घरी हात लावू नका. सकाळी आणा, दुपारी न्या.” पण घाबरवल्याशिवाय गॅरेजवाल्यांची चूल पेटत नाही, असं याचं ठाम मत. शिवाय व्हिडिओतल्या माणसाने हेच काम शीळ घालत केलं होतं.

“झालं का हो?” काठी टेकत बायको दारात आली.

“होतंय.”

“मघाशीपण होतच होतं.”

तिची डावी बाजू लुळी पडली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. हात अजून वळत नव्हता, पाय ओढत चालत होता. ही जुनी ऑटोमॅटिक घेतली ती तिच्यासाठीच. क्लच नाही, एकट्या उजव्या पायावर भागतं. गेले काही महिने ती गल्लीत चालवायची आणि हा शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवायचा. आज दुपारी ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू होणार होती. गाडी स्वतः चालवत, शेजारी कोणी न बसवता. ही अट तिची.

तो सरपटत बाहेर आला.

“अगं, ऑइल काढलंय, पण भरायचा बोल्ट सुटत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे… गाडी हलवता येणार नाही.”

तिने इस्त्रीच्या साडीचा पदर उगाचच सारखा केला.

“आठवडाभर रजेवर होतात. आजचा मुहूर्त बरा सापडला.”

“गिअर बदलताना झटके देत होती. वाटेत बंद पडली असती म्हणजे?”

“मला नाही कधी झटका लागला.”

त्याने फडकं उचललं. तो हात पुसत राहिला.

“उद्या रुजू हो. तुझ्या साहेबांना मी सांगतो हवं तर.”

“तुम्ही काही सांगू नका,” ती म्हणाली आणि तिने फोन लावला, तो साहेबांना नव्हे, त्याच्या थोरल्या बहिणीला.

आक्का गाडी घेऊन आली ती घमेल्याकडे बघत हसतच उतरली.

“राजा, भरायला वाट नाही आणि आधीच उपसून बसलास? लहानपणी बाबांच्या घड्याळाचं हेच केलंस. सुटं झालं सगळं, जुळलं काही नाही.”

“आक्का, गप बस जरा.”

“मी गप बसले तर हिला नेणार कोण? तू? पाठुंगळी?”

बायको हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी मोकळी हसली, आणि तेही याच्यावरच.

दार उघडायला तो पुढे झाला, आणि काळे झालेले पंजे बघून थबकला. तिने दार स्वतःच उघडलं. आधी पाठमोरी बसली, मग उजव्या हाताने डावा पाय उचलून आत घेतला. रोज हा पाय तो उचलायचा. आपल्याशिवायही तो उचलला जातो, हे त्याने आज पाहिलं.

“पट्टा लाव.”

“लावलाय.”

गाडी कोपऱ्यावरून वळली. फाटकापाशी उभं राहून करायचं काय, म्हणून त्याने आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं. नळ्यांच्या गर्दीत वाकून पाहिलं, तर बोल्ट तिथे दिसत होता, भोवती त्याच्याच बोटांचे काळे ठसे. वरून पाना बसवला आणि डबा उघडताना फिरवतात तसा हात वळवला. वळता वळता तो थांबला. सकाळपासून खालून तो याच्या उलट बाजूला जोर लावत होता. उताणं पडून वर हात घातला की उजवं-डावं पालटतं, हे ध्यानातच आलं नव्हतं. इतका वेळ तो बोल्ट सोडवत नव्हता, आवळत होता.

एकदा कचकन आवाज झाला. मग बोल्ट बोटांनीही फिरला. नव्या ऑइलचा डबा शेजारीच होता. ती परत यायच्या आत गाडी तयार झाली असती. उद्या तिला ती स्वतः नेता आली असती.

फोन वाजला. मागे हॉर्न आणि आक्काची बडबड.

“सुटला का हो?”

बोल्ट त्याच्या तळहातावर होता.

“नाही,” तो म्हणाला.

“राहू द्या मग. जिवाला लावून घेऊ नका. गॅरेजवाल्याशी बोलते मी.”

“आणि तू येणार कशी?”

“येईन की.”

फोन बंद झाला. नव्या ऑइलचा डबा त्याने पायाने बाजूला सारला. मग बॉनेटखाली वाकून त्याने बोल्ट जागेवर ठेवला, बोटांनी फिरेल तेवढा फिरवला, आणि पुन्हा आवळायला पाना उचलला.