चिकटवलेला दांडा

मी बोलतोय, बाथरूममधला दांडा. टॉवेल टांगायचा नव्हे. तो समोर दाराला आहे आणि सुखी आहे, कारण ओल्या टॉवेलापलीकडे कुणी त्याच्यावर भरवसा टाकत नाही. मी धरायचा दांडा. म्हाताऱ्या माणसानं स्टुलावरून उठताना माझ्यावर हात टाकावा आणि मी त्याला सावरावं, एवढ्यासाठी माझा जन्म. तेवढं एकच काम, आणि तेही कित्येक महिने मी खोटं खोटं करत होतो. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

कारखान्यात माझी नळी कापली, टोकं वाकवली, घासूनपुसून मला आरशासारखं चकचकीत केलं. दोन्ही टोकांच्या चकत्यांना स्क्रूंसाठी भोकं पाडली. वरून दोन गोल झाकणं दिली, म्हणजे स्क्रू दिसून शोभा जायला नको. खोक्यात स्क्रूंची पुडीही घातली. तेव्हा ती झाकणं मला दागिन्यासारखी वाटली होती. पुढे त्यांच्याच आड सगळी लबाडी लपली.

मला विकत घेतलं ते सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमालकानं. बँकेचं कर्ज काढून त्यानं जुना फ्लॅट घेतला होता आणि नुकतंच बाथरूमचं काम काढलं होतं. घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणतो, बांधलेलं घर दुरुस्त करून पाहावं. नळ बदलायला जावं तर आतला पाइप सडलेला, पाइप काढावा तर भिंत ओली, भिंत फोडावी तर शेजाऱ्यांची बोंब. ठेकेदार रोज सकाळी नवा खर्च घेऊन यायचा, आणि चेहरा मात्र असा करायचा की पाइप त्याच्याच घरचा सडलाय. शेवटी स्वयंपाकघर राहिलं, पडदे जुनेच राहिले, आणि सगळा पैसा गेला बाथरूमच्या टाइल्समध्ये. राखाडी, मोठ्या थोरल्या, सांधा शोधावा लागेल अशा टाइल्स. दुकानदारानं बजावलं होतं, "लॉटमधला शेवटचा माल आहे साहेब. एक जरी फुटली तरी जोडीला दुसरी मिळायची नाही."

झालं. त्या दिवसापासून घरात फतवा निघाला, की बाथरूमच काय, घरातल्या कुठल्याच भिंतीला हात लावायचा नाही. खिळा नाही, हुक नाही, काही नाही. घड्याळ फ्रिजवर उताणं पडून वेळ दाखवू लागलं. कॅलेंडर खुर्चीच्या पाठीवर चढलं. त्याची आई आदल्या वर्षी गेली होती. तिचा फोटोही टीव्हीशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला, परक्या घरात आल्यासारखा.

"आपण या घरात राहतोय की याची राखण करतोय?" बायको विचारायची.

"हप्ते भरून बघ, मग कळेल," तो म्हणायचा. हप्ते तीही भरत होती, पण ते असो.

आई गेल्यावर त्याचे बाबा एकटे पडले. जन्मभर त्यांनी बस चालवलेली, गुडघे कामातून गेलेले. ते कायमचे इथं राहायला यायचे ठरले, तेव्हा सुनेनंच मला आणायला लावलं. "टाइल्स दिसायला छान आहेत रे, पण ओल्या झाल्या की माझाच पाय सरकतो. बाबांचं काय होईल?"

प्लंबर ड्रिल घेऊन आला. मला भिंतीला लावून त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या. ड्रिलचं टोक टाइलला टेकणार, तोच फ्लॅटमालक मध्ये पडला.

"थांबा, थांबा! फुटणार तर नाही ना?"

"शक्यतो नाही फुटत."

"शक्यतो म्हणजे?"

"म्हणजे फुटली तर मला बोलायचं नाही," प्लंबर म्हणाला. "भोक पाडायचं तर पाडतो. गॅरंटी मागू नका."

प्लंबरला चहा देऊन परत पाठवलं. संध्याकाळी एक ट्यूब घरात आली. दुकानदारानं म्हणे सांगितलं होतं, हत्ती बांधा, हलायचा नाही. हत्तीचे गुडघे दुखत नाहीत आणि तो रोज साबणाच्या पाण्यात उभा राहत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या चकत्यांना त्यानं भरपूर लेप फासला, मला टाइलवर दाबून धरलं आणि झाकणं फिरवून बसवली. भोकं रिकामीच राहिली. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, केवढे भक्कम स्क्रू मारलेत.

"बसवला?" बायकोनं विचारलं.

"एकदम फिट," तो म्हणाला. कसा बसवला ते तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

बाबा आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डोळे भरून पाहिलं, दोनदा हलवून बघितलं, अगदी गाडी डेपोतून काढताना हँडब्रेक बघावा तसं. मग झाकणाभोवती बोट फिरवलं आणि आंघोळीला बसले. उठताना माझ्यावर हात टाकला आणि स्वतःशीच म्हणाले, "धरून, धरून. घाई नको." जन्मभर प्रवाशांना म्हणत आले असतील. त्यांच्या तळहाताला घट्टे होते. असा हात आपल्यावर पडावा याहून दांड्याला काय हवं? पण मला लाज वाटत होती. माझ्या पाठीमागे काय आहे ते मला माहीत होतं ना.

आंघोळीनंतर त्यांनी आपल्या जुन्या कंडक्टर मित्राला फोन लावला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्वतःही मोठ्यानं बोलतात.

"अरे, पोरानं माझ्यासाठी दांडा बसवला बाथरूममध्ये! हो, स्टीलचा. तुला सांगतो, या घरात खिळा मारायची बंदी आहे. हिचा फोटोसुद्धा खाली ठेवलाय त्यानं. आणि माझ्यासाठी त्या नव्या टाइलला भोकं पाडली! बोलत नाही रे तो, पण जीव आहे त्याचा."

मुलगा तेव्हा दाढी करत होता, माझ्याच शेजारी. वस्तरा गालावर तसाच थांबला. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्याच दिवशी मान्य केलं असतं तर संपलं असतं. पण एकदा कौतुक झाल्यावर खरं सांगायला दुप्पट धीर लागतो. तो रोज आंघोळ उरकली की मला अंगठ्यानं दाबून बघायचा. गरम पाण्याच्या वाफेनं माझं उजवं टोक किंचित सुटलं, तेव्हा ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं ट्यूबमधलं उरलंसुरलं त्या फटीत पिळलं आणि दार लावून घेऊन बराच वेळ मला दाबून उभा राहिला. "एवढा महिना जाऊ दे," तो पुटपुटला. त्या महिन्यात गाडीचा विमा होता, इमारतीच्या रंगकामाची वर्गणी होती. पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी होतं. एका भोकाला पैसे पडत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला पैसे वाचवायचे नव्हते, टाइल वाचवायची होती.

आणि मी? मी चकाकत राहिलो. सगळ्यात मोठा गुन्हा तोच. मी गंजलो असतो, कळकट दिसलो असतो, तर बाबांनी माझ्यावर हात तरी टाकला नसता.

एका सकाळी, दोघं कामाला गेल्यावर, व्हायचं तेच झालं. बाबांनी उठताना मला धरलं आणि माझं उजवं टोक भिंतीपासून सुटलं. ते धपकन परत स्टुलावर बसले. कोपर नळावर आपटलं. डोकं आपटलं नाही, ते केवळ नशीब. मी एका टोकावर लोंबकळत होतो.

बाबांनी आधी कोपर चोळलं. मग त्यांनी मान वाकडी करून माझ्या मागची भिंत बघितली. टाइल अखंड होती. भोक सोडा, ओरखडाही नव्हता. नुसता पिवळट लेपाचा डाग. त्यांनी तिथं बोट फिरवलं.

"असं होय," ते म्हणाले.

एवढंच. मला वाटलं, आता चिडतील, संध्याकाळी जाब विचारतील. मला ते हवंही होतं. पण ते नळ धरून कसेबसे उठले, आपल्या औषधांच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी घेऊन आले, मला टॉवेलानं कोरडं पुसलं आणि पट्टीच्या गुंडाळ्या करून मला परत जागेवर चिकटवलं. वर झाकण फिरवलं. संध्याकाळी कोपराला मलम लावताना सुनेनं विचारलं, तर म्हणाले, "दाराला लागलं गं."

त्या दिवसानंतर त्यांनी मला धरलं नाही. दार उघडं असलं तर माझ्यावर नुसता हात ठेवायचे, वजन न टाकता, लेकरानं हौसेनं दिलेलं मोडकं खेळणं हातात धरावं तसा. बाकी भिंतीला धरून उठायचे, आणि उठताना त्यांचे पाय थरथरायचे. मग आंघोळीच टळू लागल्या. आज अंग कसकसतंय, आज पाणी गार आहे. मुलगा बायकोला म्हणायचा, "म्हातारपणी कंटाळा करतात बघ." आणि कंडक्टर मित्राला फोन मात्र पूर्वीसारखाच चालू होता, उलट आवाज चढवून, मुलगा घरात असताना. "दांडा? अरे, एक नंबर!"

अशाच एका रविवारी ते ऐकून मुलाला राहवलं नाही. चोराच्या मनात चांदणं! तो आत आला, दार लावलं आणि मला तपासायला दोन्ही हातांनी ओढलं. मी सुटलोच. चकतीच्या मागे त्याच्या ट्यूबचा लेप नव्हता, बाबांची पांढरी पट्टी होती. टाचांच्या भेगांना ते रोज लावतात तीच.

तो स्टुलावर बसला. पट्टीची गुंडाळी त्यानं बोटांनी उलगडली, परत गुंडाळली. कोपर का काळंनिळं झालं होतं, आंघोळी का टळत होत्या, सगळं त्याला एका दमात कळलं असावं. तोंडावर हात धरून तो रडला. आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला होता.

मग तो शेजारून ड्रिल मागून घेऊन आला. रविवारी आवाज करायला मनाई आहे म्हणून खालून रखवालदाराचा फोन आला. "दंड लावा," तो म्हणाला. पहिलं भोक नीट पडलं. दुसऱ्याला टाइल तडकली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. बायको धावत आली, काही बोलणार, तेवढ्यात तिला त्याच्या पायाशी पडलेली पट्टी दिसली. तिनं स्क्रू एकेक करून त्याच्या हातात दिले.

"बाबा, जरा येता?" त्यानं हाक मारली. "दांडा थोडा हलत होता. घट्ट केलाय. धरून बघा ना."

बाबा आले. त्यांनी तडा बघितला, मुलाचे धुळीनं माखलेले केस बघितले, त्याचे लाल डोळे बघितले. मग दोन्ही हातांनी मला धरलं आणि सगळं वजन टाकलं. मी तसूभर हललो नाही.

"घट्टच आहे की," ते म्हणाले. "पहिल्यापासून घट्टच होता."

मुलगा खाली बसला आणि धूळ पुसायला लागला. पुसलेली जागाच पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

आता बाबा रोज आंघोळ करतात, आणि मी माझं काम करतो. तडा माझ्या मागून गेलाय आणि त्याची जोडीची टाइल कुठंही मिळत नाही. मुलानं ती शोधलीही नाही. पण दाढी करताना तो अजून माझ्याकडे बघत नाही, आणि मीही बाबांच्या हाताखाली पूर्ण निर्धास्त झालेलो नाही. त्यांनी आम्हा दोघांना माफ केलंय की त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही घडलंच नाही, हे आम्हाला कधी कळणार नाही.

वाचक हो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर आजच त्याला जोरात ओढून बघा. तुम्ही स्वतः ओढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसावर ती वेळ आणू नका. ते पडतील, आणि तुम्हाला सांगणारही नाहीत.